प्लेटिंगआधी जॉब नीट धुतलाय का? पृष्ठभागावरची घाण आणि पोलादात शिरणारा हायड्रोजन

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागलच्या एमआयडीसीत कुठल्याही असेंब्ली शॉपमध्ये विचारा. १२.९ ग्रेडचा, म्हणजे फार कडक पोलादाचा, एलन बोल्ट टॉर्क लावून बसवला, इन्स्पेक्शनला ओके झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं डोकं तुटून खाली पडलेलं सापडलं, हा किस्सा कुणीतरी सांगतोच. पुढचं भांडणही ठरलेलं. बोल्ट घेणारा म्हणतो मटेरियल हलकं, सप्लायर म्हणतो टॉर्क जास्त मारलात, हीट ट्रीटमेंटवाला हार्डनेसचा रिपोर्ट पुढे करतो. प्लेटिंगवाल्याची पाळी सगळ्यात शेवटी येते. तो म्हणतो, "साहेब, बेकिंग केलंय की!"

बेकिंग, म्हणजे प्लेटिंगनंतर जॉब (प्लेटिंगला दिलेला भाग) ओव्हनमध्ये तापवून आतला हायड्रोजन बाहेर काढणं, झालेलंही असतं. पण पोलादाला ठिसूळ करणारा हायड्रोजन आत किती शिरणार हे बरंचसं आधीच ठरून गेलेलं असतं: जॉब अ‍ॅसिडात उतरला तेव्हा त्याच्या अंगावर काय चिकटलेलं होतं आणि ते निघेपर्यंत तो तिथं किती वेळ पडून राहिला, यावर. म्हणून या लेखात ओव्हनपेक्षा डीग्रीसिंगच्या, म्हणजे तेल धुण्याच्या, टाकीवर जास्त वेळ घालवणार आहे.

आत शिरतं ते नेमकं कसं

लोखंड अ‍ॅसिडात घातलं की पृष्ठभागावर हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. दोन अणू जोडले की रेणू होतो, रेणूंचा बुडबुडा होतो आणि बुडबुडा वर निघून जातो. रेणू लोखंडात शिरू शकत नाही, सुटा अणू मात्र सहज शिरतो. तेव्हा सगळा खेळ जोडी जमण्याच्या वेगाचा आहे. जोडी पटापट जमली तर बहुतेक हायड्रोजन हवेत जातो. जोडी जमायला अडथळा आला तर अणू पृष्ठभागावर साचतात आणि त्यातले जास्त अणू आत उतरतात.

हा अडथळा आणणाऱ्या मूलद्रव्यांची यादी जुनी आणि पक्की आहे: गंधक, फॉस्फरस, आर्सेनिक, अँटिमनी, सेलेनियम, टेल्युरियम. सायनाइडही त्याच पंगतीत बसतं. प्रयोगशाळेत पोलादात मुद्दाम हायड्रोजन भरायचा असतो तेव्हा सल्फ्युरिक अ‍ॅसिडात चिमूटभर आर्सेनिकचं संयुग टाकतात, ते याचसाठी. तिथं जे मोजूनमापून घालतात, ते आपल्याकडे कटिंग ऑइलातून, खराब अ‍ॅसिडातून किंवा स्टीलमधूनच न सांगता येतं.

घाण म्हणजे प्रत्येक वेळी हायड्रोजनला वाट मोकळी, असंही नाही. लोखंडावरचा सलग ऑक्साइडचा थर उलट हायड्रोजनला अडवतो; अ‍ॅल्युमिनियमवरचा तर फारच चांगला अडवतो. पॅलेडियम कोरडा हायड्रोजन वायू शोषून घेतं, पण त्यावर कार्बन मोनॉक्साइड किंवा गंधक बसलं की शोषण मंदावतं, कारण तिथं रेणू फोडण्याची जागाच अडवली जाते. म्हणजे वायूत जे गंधक दार बंद करतं, तेच अ‍ॅसिडात दार उघडतं. आपलं काम अ‍ॅसिडाशी आणि विजेच्या टाकीशी आहे, त्यामुळे आपल्याला दुसरी बाजू लक्षात ठेवायची.

आत शिरलेला हायड्रोजन स्वस्थ बसत नाही. जिथं ताण जास्त तिथं तो सरकतो: थ्रेडच्या मुळाशी, डोक्याखालच्या त्रिज्येपाशी. तिथं पुरेसा जमला की बारीक चीर सुरू होते. ही चीर पडायला काही तास लागतात, कधी दोन-तीन दिवस. म्हणून बोल्ट टॉर्क करताना तुटत नाही, रात्रीत तुटतो.

ही गोष्ट नवी नाही. विल्यम जॉन्सन यांनी १८७५ साली रॉयल सोसायटीपुढे हे मांडलं होतं. लोखंडी तार काही मिनिटं हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक अ‍ॅसिडात ठेवली की ती ठिसूळ होते, हे त्यांना दिसलं. लगेच मोडून तुटलेलं टोक ओलं केलं तर त्यातून बारीक बुडबुडे येतात आणि तीच तार काही काळ तशीच ठेवली तर पुन्हा पूर्वीसारखी वाकू लागते. शेवटच्या मुद्द्यात बेकिंगचं सगळं शास्त्र आलं. कडक स्प्रिंग वायरचा तुकडा घेऊन शॉपमध्ये हे करून बघता येतं. गॉगल घाला, तार मोडताना उडते.

पायरी १: कुठल्या जॉबची काळजी करायची

सगळ्यांची करत बसलात तर धंदा बंद पडेल. मऊ ईएन ८ चा ब्रॅकेट, ८.८ चा बोल्ट, एसजी आयर्नचं कास्टिंग यांना हायड्रोजनचा हा ठिसूळपणा सहसा भोवत नाही. हार्डनेस वाढेल तसा धोका चढतो. १०.९ चा बोल्ट ३२ ते ३९ एचआरसी (रॉकवेल सी, हार्डनेसचं माप), १२.९ चा ३९ ते ४४. आयएसओ ४०४२ या फास्टनर्सच्या (बोल्ट, स्क्रू वगैरे) प्लेटिंगच्या मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीत ३९० व्हिकर्सच्या (हार्डनेसचं दुसरं माप) वरच्या फास्टनर्सना खास काळजी सांगितली आहे, म्हणजे साधारण ३९-४० एचआरसीची रेषा. माझा सल्ला असा की १०.९ वरच्या टोकाला असेल तर त्यालाही याच रांगेत उभं करा, कारण हीट ट्रीटमेंटच्या लॉटमध्ये दोन-तीन पॉइंट इकडेतिकडे होतातच.

या रांगेत आणखी कोण? सर्क्लिप, स्प्रिंग वॉशर, रोल पिन, डिस्क स्प्रिंग आणि वरून कार्बुराइज केलेले (कातडीत कार्बन भरून कडक केलेले) सेल्फ-टॅपिंग स्क्रू. शेवटच्यांना लोक विसरतात, कारण रिपोर्टवर गाभ्याची हार्डनेस लिहिलेली असते आणि ती मऊ दिसते. हायड्रोजन शिरतो तो कातडीतून, आणि कातडी कडक असते.

पायरी २: चलनावर लिहा

प्लेटिंगवाल्याकडे गोणीतून मटेरियल जातं आणि चलनावर एवढंच असतं: "बोल्ट एम १०, यलो झिंक, ५० किलो." त्याला काय स्वप्न पडणार आहे? चलनावर ग्रेड, हार्डनेस, हीट ट्रीटमेंट कुठल्या भट्टीत झाली, शेवटचं मशीनिंग कुठल्या तेलात झालं आणि बेकिंग किती तास हवं, हे लिहायला दोन मिनिटं लागतात. शॉप मोठा असो वा उद्यमनगरातला दोन लेथचा, या दोन मिनिटांइतकं स्वस्त काही नाही.

पायरी ३: अंगावर काय आहे ते बघा

पांढरं सुती फडकं घेऊन जॉब पुसा. फडक्यावर नुसतं पिवळट तेल आलं तर सोपं काम. काळं, चिकट, नखानं खरवडावं लागेल असं आलं तर ते क्वेंचिंग ऑइल (हीट ट्रीटमेंटमध्ये तापलेला जॉब बुडवायचं तेल) जळून बसलेलं आहे. साध्या गरम धुण्यानं ते निघणार नाही. राखाडी, नखाला न लागणारा थर म्हणजे स्केल, भट्टीत जमलेला ऑक्साइड. हिरवट-राखाडी, साबणासारखा निसरडा थर असेल तर तो वायर ओढताना दिलेला फॉस्फेट आणि साबण.

या फॉस्फेटचा हिशेब वेगळा. तो प्लेटिंगआधी नाही, हीट ट्रीटमेंटआधी निघायला हवा. नाही निघाला तर भट्टीत फॉस्फरस पोलादाच्या कातडीत उतरतो आणि ठिसूळ पांढरा थर तयार होतो. १२.९ च्या बोल्टवर ताण येतो तिथं असा थर चालत नाही, हे आयएसओ ८९८-१ या बोल्टच्या मानकात स्पष्ट आहे. तुटलेला बोल्ट हातात आला की लोक हायड्रोजनला शिव्या घालतात; कधीकधी खरा गुन्हेगार हा असतो.

तेलाबद्दल मशीन शॉपला थेट विचारा. टॅपिंग आणि थ्रेड रोलिंगच्या तेलात गंधक आणि फॉस्फरसचे एक्स्ट्रीम प्रेशर अ‍ॅडिटिव्ह असतात. कामासाठी ते उत्तम. पण थ्रेडच्या मुळाशी त्याचा अंश राहिला आणि तसाच अ‍ॅसिडात गेला, तर जोडी जमू न देणारं मूलद्रव्य नेमकं जिथं ताण सर्वाधिक तिथं नेऊन ठेवलं.

फ्री-कटिंग स्टीलमध्ये गंधक मुद्दाम घातलेलं असतं. ते मॅंगनीज सल्फाइडच्या बारीक रेषांच्या रूपात पृष्ठभागापर्यंत आलेलं असतं. अ‍ॅसिड लागलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. अ‍ॅसिडच्या टाकीवर कुजक्या अंड्याचा वास आला तर तो कुठून आला ते शोधा. वासावर फॅन लावून विषय संपवू नका. हा वायू विषारीही आहे आणि जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं.

पायरी ४: तेल आधी, ब्लास्टिंग नंतर, अ‍ॅसिड शेवटी

हा क्रम उलटा झालेला मी सर्रास बघतो. तेलकट जॉब शॉट ब्लास्टिंगला टाकला की तेल शॉटला लागतं आणि पुढचा स्वच्छ लॉटही त्या शॉटमुळे माखतो. तेलकट जॉब थेट अ‍ॅसिडात टाकला तर तेल आहे तिथं अ‍ॅसिड लागत नाही. ऑपरेटर तेवढा डाग निघायची वाट बघत बसतो आणि बाकीचा उघडा पृष्ठभाग तोवर अ‍ॅसिड खात, हायड्रोजन पीत राहतो. तेलाचा खरा तोटा तोच: ते वेळ वाढवतं.

गरम अल्कली क्लीनर ६० ते ८० अंशाला ठेवा. केमिकलवाल्याच्या कागदावर असेल ते तापमान पाळा आणि थर्मामीटरनंच बघा. टाकीवर वाफ दिसते म्हणजे टाकी गरम आहे असं नाही, पावसाळ्यात तर कोमट पाण्यावरही वाफ दिसते. वर तरंगणारं तेल रोज काढा. ते काढलं नाही तर धुतलेला जॉब टाकीबाहेर येताना त्याच तेलातून वर येतो.

धुऊन झाल्यावर एक जॉब रिन्समधून काढून तिरका धरा. पाण्याचा थर अर्धा मिनिट सलग राहिला तर ठीक. पाणी फाटून थेंब झाले, एखादं बेट कोरडं पडलं, तर तिथं तेल आहे, परत पाठवा. या चाचणीला पैसे लागत नाहीत आणि तरी ती रोज होताना दिसत नाही. बोल्टच्या बाबतीत थ्रेड डोळ्याला नीट दिसत नाही, म्हणून सॉकेटचा आतला भाग आणि थ्रेडचा शेवट यांकडे मुद्दाम बघा. एलन बोल्टच्या सॉकेटात तेल साचून राहतं आणि ते हळूहळू सगळ्या टाक्यांत झिरपतं.

यानंतर इलेक्ट्रोक्लीनिंग (वीज लावून धुणं) असेल तर ते अ‍ॅनोडिकच करा, म्हणजे जॉब पॉझिटिव्हला. तेव्हा जॉबवर ऑक्सिजन सुटतो आणि काळं स्मटही (पृष्ठभागावरची काजळी) निघतं. जॉब निगेटिव्हला लावला तर साफसफाई जोरात होते खरी, पण जॉबवर हायड्रोजन सुटतो, शिवाय टाकीतले धातूचे अंश जॉबवर येऊन बसतात. कडक जॉबला हे बिलकुल नको. काही शॉपमध्ये रिव्हर्सिंग स्विच असतो आणि तो कुठल्या बाजूला आहे हे रात्रपाळीला कुणालाच माहीत नसतं. स्विचवर रंगानं खूण करा.

स्केल अ‍ॅसिडनं काढायचा मोह टाळा. ब्लास्टिंगनं काढा, बारीक थ्रेडला ग्लास बीड किंवा बारीक ग्रिट वापरा. त्याहून चांगलं म्हणजे हीट ट्रीटमेंट कंट्रोल्ड अ‍ॅटमॉस्फिअरच्या भट्टीत करून घ्या, म्हणजे स्केल होतच नाही. किलोमागे थोडे पैसे जास्त जातात, पण अ‍ॅसिडातली मिनिटं वाचतात. ब्लास्ट झालेला पृष्ठभाग उघडा आणि तापट असतो, पावसाळ्यात तासाभरात त्यावर लालसर छटा येते. तेव्हा ब्लास्टिंग आणि प्लेटिंग एकाच पाळीत बसवा.

हार्डनिंगनंतर ग्राइंडिंग झालेल्या जॉबमध्ये ताण शिल्लक असतो. त्यांना प्लेटिंगआधी स्ट्रेस रिलीव्हिंग द्या, टेम्परिंगच्या तापमानाखाली राहून.

पायरी ५: अ‍ॅसिड, आणि घड्याळ

वरच्या पायऱ्या नीट झाल्या असतील तर अ‍ॅसिडात फक्त पृष्ठभाग जागा करायचा असतो, साफ करायचा नसतो. काही सेकंद पुरतात. फार तर मिनिट-दोन मिनिटं. टाकीजवळ घड्याळ किंवा टायमर लावा. बॅरल अ‍ॅसिडात सोडून चहाला जाणं, जेवणाची सुट्टी होणं, लाइट जाऊन होइस्ट अडकणं, या तिन्ही गोष्टी आपल्याकडे होतात. तिसरीसाठी हातानं ओढायची चेन ठेवा.

अ‍ॅसिड जुनं झालं, त्यात लोखंड साठलं की ते हळू चालतं. मग ऑपरेटर वेळ वाढवतो, त्याचा दोष नाही. अ‍ॅसिड कधी बदलायचं हे लोखंडाच्या प्रमाणावर ठरवा, "अजून चालतंय की" यावर नको. स्वस्तातलं, कुठल्यातरी रासायनिक प्रक्रियेतून उरलेलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड कडक जॉबसाठी घेऊ नका. त्यात आर्सेनिक किंवा गंधकाचे अंश असले तर डब्यावर ते लिहून येत नाहीत. तांब्याच्या हुकाचे किंवा पितळेचे तुकडे टाकीत पडले असतील तर काढा. तांबं विरघळून जॉबवर लालसर थर देतं आणि वरचं प्लेटिंग सोलून येतं.

इनहिबिटर (अ‍ॅसिडात लोखंड विरघळणं कमी करणारं रसायन) घातला म्हणजे झालं, हा समज फार पसरलेला आहे. हेक्सामाइनसारखे इनहिबिटर लोखंडाचं विरघळणं कमी करतात आणि हायड्रोजनही कमी तयार होतो. थायोयुरियाची गोष्ट वेगळी. तो लोखंड वाचवतो, टाकीत फेस-बुडबुडे कमी दिसतात, सगळं छान वाटतं. पण त्याच्या रेणूत गंधक आहे, आणि जो काही हायड्रोजन तयार होतो त्यातला आत जाणारा वाटा तो वाढवू शकतो. इनहिबिटर घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: कडक पोलादावर हायड्रोजन किती शिरतो याची चाचणी आहे का? वजन किती घटतं याचा रिपोर्ट दाखवला तर ते उत्तर नव्हे.

अ‍ॅसिडनंतर दोन रिन्स, वाहत्या पाण्याच्या. आणि सायनाइडची टाकी त्याच लाइनवर असेल तर अ‍ॅसिडचा थेंबही तिकडे जाता कामा नये; दोन्ही मिसळले की जीवघेणा वायू होतो.

पायरी ६: प्लेटिंग

इथं थोडक्यात सांगतो. क्लोराइडचं अ‍ॅसिड झिंक ९५ टक्क्यांच्या वर कार्यक्षमतेनं चालतं, म्हणजे करंटचा फारच थोडा भाग हायड्रोजन तयार करण्यात जातो. अल्कली आणि सायनाइड झिंकमध्ये हा भाग बराच मोठा असतो. पण नुसत्या या आकड्यावर निवड करू नका. झिंकचा दाट, चकचकीत थर बसला की आतला हायड्रोजन बाहेर पडायला अडतो, आणि चकाकी जितकी जास्त तितकं हे अडणं जास्त.

१२.९ ला किंवा त्याहून कडक जॉबला झिंक फ्लेक कोटिंग (झिंकच्या बारीक पापुद्र्यांचा लेप) चालत असेल तर गिऱ्हाइकाशी तसं बोला. त्यात वीज नाही, आणि पृष्ठभाग ब्लास्टिंगनं साफ केला तर अ‍ॅसिडही नाही. माझ्या मते कोल्हापुरात या पर्यायाची चौकशी होते त्याहून खूप जास्त व्हायला हवी. निव्वळ भाव बघून इलेक्ट्रोप्लेटिंग घेतलं जातं.

पायरी ७: बेकिंग

तापमान १९० ते २२० अंश. प्लेटिंग संपल्यापासून चार तासांच्या आत जॉब ओव्हनमध्ये, जमलं तर पहिल्या तासातच. किमान चार तास, कडक आणि जाड जॉबला आठ ते चोवीस. हे आकडे बहुतेकांना पाठ असतात. पाळले जात नाहीत ते दोन ठिकाणी.

एक, वेळेची मोजणी. ओव्हनचा कंट्रोलर २०० दाखवतो ती हवा. मधल्या ट्रेमधले बोल्ट तिथवर यायला तास-दीड तास लागू शकतो. थर्मोकपल जॉबच्या ढिगात खुपसा आणि तिथं २०० झाल्यावर घड्याळ सुरू करा. ट्रे पातळ भरा.

दोन, संध्याकाळचा लॉट. सात वाजता प्लेटिंग संपतं, ओव्हन सकाळी लावू म्हणतात. साप्ताहिक सुट्टी मध्ये आली तर दीड दिवस. तेवढ्यात चीर सुरू झाली असेल तर बेकिंगनं ती भरून येत नाही. ज्या दिवशी ओव्हन मोकळा नाही त्या दिवशी कडक जॉब प्लेटिंगला घेऊच नका.

पिवळं किंवा निळं पॅसिव्हेशन (झिंकवरचा संरक्षक थर) बेकिंगनंतर करायचं, आधी नाही; त्या पातळ थराला एवढी उष्णता सोसत नाही. आणि कार्बुराइज केलेल्या, कमी तापमानाला टेम्पर झालेल्या जॉबला २०० अंश दिले तर हार्डनेस उतरेल. तिथं तापमान कमी, वेळ जास्त, आणि आकडा हीट ट्रीटमेंटवाल्याकडून लेखी.

पायरी ८: तपासणी

हार्डनेस मोजून हायड्रोजन कळत नाही. प्रत्येक लॉटमधले काही बोल्ट कडक, समांतर प्लेटमध्ये घालून ठरलेल्या ताणापर्यंत आवळा आणि किमान ४८ तास ठेवा. २४ तासांनी पुन्हा त्याच टॉर्कला आणा. आयएसओ १५३३० मधली पद्धत हीच आहे. प्लेट बनवायला आपल्या कुठल्याही मशीन शॉपला अर्धा दिवस पुरे. टाक्यांची लाइन तपासायची असेल तर एएसटीएम एफ ५१९ या चाचणीच्या मानकातले खाच दिलेले नमुने लाइनमधून काढून २०० तास लोडवर ठेवतात. हे बाहेरच्या लॅबकडून करून घ्यावं लागेल.

फौंड्री आणि वेल्डिंगवाल्यांसाठी

तुमच्याकडे घाण वाट उघडून देत नाही, ती स्वतःच हायड्रोजन घेऊन येते. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन पोटात ठेवतं. ६६० अंशाला द्रवात १०० ग्रॅममागे सुमारे ०.६९ मिलिलिटर मावतो, गोठल्यावर ०.०३६. उरलेला छिद्रं होऊन कास्टिंगमध्ये अडकतो. म्हणून कूलंट लागलेली चिप्स, गंजलेली कडची, पावसात भिजलेला इनगॉट, उघडं पडलेलं फ्लक्सचं पोतं, ही चारही कारणं मेल्टिंगआधीच संपवा. डीगॅसिंग, म्हणजे वितळलेल्या धातूतला वायू काढणं, ही नंतरची गोष्ट.

वेल्डिंगला गंज, तेल, रंग आणि दव ही हायड्रोजनची चार दारं. सांध्याच्या दोन्ही बाजू ग्राइंडरनं चकचकीत करा, सकाळी प्लेटवर ओल असेल तर टॉर्च फिरवा आणि ७०१८ चा (कमी हायड्रोजनचा) वेल्डिंग रॉड पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, साधारण ३०० ते ३५० अंशाला तासभर तरी भाजून घ्या. बल्ब लावलेल्या पेटीत ठेवलेला रॉड कोमट होतो, कोरडा होत नाही.

तरीही बोल्ट तुटला तर

तुटलेल्या दोन्ही तोंडांना हात लावू नका, तेल लावू नका, "बघू बसतंय का" म्हणून जोडून तर अजिबात बघू नका. कोरड्या पिशवीत सिलिका जेलसकट वेगवेगळे ठेवा. किती वाजता आवळला आणि किती वाजता तुटला ते लिहा. लॅबमध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तोंड खडीसाखरेच्या खड्यांसारखं दिसलं, कणांच्या सीमेवरून फुटलेलं, आणि तुटायला काही तास लागले असतील, तर संशय हायड्रोजनवर जातो. लगेच तुटला असेल तर आधी टॉर्क आणि हार्डनेस बघा. त्याच लॉटचे न वापरलेले दहा-बारा बोल्टही सोबत द्या, आणि त्यातले दोन प्लेटिंग न झालेले मिळाले तर फारच उत्तम. तसे मिळावेत म्हणून हीट ट्रीटमेंटनंतर प्रत्येक लॉटमधले थोडे बाजूला काढून, लॉट नंबर लावून, तेल लावून डब्यात ठेवायचे.